विश्रांतीचा हिशेब

मनुष्याने दिवसाकाठी किती तास राबावे, हा प्रश्न अर्थशास्त्राचा की नीतिशास्त्राचा? तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ साली मांडले, तेव्हा त्यांच्या समर्थकांप्रमाणेच अनेक विरोधकही उत्पादनाच्याच भाषेत बोलत होते.

त्या भाषेतले उत्तर तर केव्हाच मिळालेले आहे. जर्मनीत येना येथील झाइस कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला. दोनशेहून अधिक कामगारांच्या आधीच्या व नंतरच्या कामाची तुलना करता, दिवसाचे काम घटण्याऐवजी किंचित वाढलेलेच आढळले. यात नवल नाही. आजचा शीण रात्रीच्या झोपेने भरून निघाला नाही, तर उरलेली तूट उद्याच्या खात्यावर चढते. आणि थकलेला हात नुसता मंदावत नाही, चुकतोही.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. उत्पादन वाढते म्हणून विश्रांती द्यावयाची, तर ती यंत्रात घातलेल्या वंगणाहून निराळी कशी? दाराशी बारा तास बसणाऱ्या पहारेकऱ्याचे उदाहरण घ्या. त्याचे उत्पादन कोणत्या मापाने मोजणार? मालकाला बारा तासांचा पहारा हवा असतो व तो मिळतो. येथे आबे यांचा हिशेब मुका होतो. पण त्या पहारेकऱ्याच्या घरीही मुले वाट पाहत असतातच.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या पुढे केल्या, त्यांत आठवड्याच्या सुट्टीची मागणी होती. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीचे मोल सोमवारी किती सूत अधिक निघाले यावरून ठरावयाचे काय?

कोणी म्हणेल, कलावंत वा संशोधक घड्याळाकडे पाहतात काय? पाहत नसतील, पण ते स्वतःच्या ध्यासासाठी जागतात. दुसऱ्याला तसे जागावयास लावण्याचा अधिकार त्यातून कोणालाही प्राप्त होत नाही.

उत्पादनाचे आकडे मालकाचे मन वळविण्यास उपयोगी पडतील, तर ते अवश्य सांगावेत. मात्र या खटल्यात त्यांचे स्थान साक्षीदाराचे आहे, न्यायाधीशाचे नव्हे. मनुष्य कामासाठी विसावत नाही. जगण्यासाठी काम करतो, आणि विसावा हा त्या जगण्याचाच भाग आहे.