गॅस संपत नाही, गळतो



आज गीतेचा १७ वा अध्याय, श्लोक १५. वाणीचं तप म्हणजे काय, ते भगवंत इथे सांगतात. बोलणं कुणाला टोचणारं नसावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचंही असावं. हा श्लोक मी कितीदा तरी वाचलाय. या वेळी तो गाडीच्या एसीमुळे जरा जास्त कळला.

आमची २०११ ची सेकंडहँड हॅचबॅक विकायला काढली होती. एसी गार हवा देईना, म्हणून गॅरेजमध्ये नेली. मी म्हटलं, "भाऊ, गॅस संपलाय बहुतेक." ते हसले. "साहेब, गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय."

सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडे आले नाहीत. कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर पडतं त्या नळीपाशी मात्र तेलकट ओल दिसली. म्हणजे कॉइल गेलेली. ती डॅशबोर्डच्या आत, सगळं उघडावं लागणार. खर्च साडेआठ हजार. नुसता गॅस भरला तर दीड हजार. "महिनाभर मस्त चालेल. तुम्हाला विकायचीच आहे ना?"

मी गॅस भरून घेतला.

दोन दिवसांनी गाडी बघायला एक मुलगा आला. वयस्कर आई-वडिलांना सोलापूरहून आणायला-सोडायला गाडी हवी होती. त्याने विचारलं, "दादा, एसी चालतो ना?" मी बटण दाबलं. गार वारा आला. "बघ की तूच," मी म्हणालो.

यात खोटं काय होतं? एक शब्दही नाही. प्रियही होतं, तो खूश झाला. उगाच शंका घालून त्याला कशाला टोचायचं, असंही मनात आलं. म्हणजे श्लोकातल्या सवलती मी घेतल्या आणि 'हित' तेवढं गाळलं! युधिष्ठिराचं अर्धसत्य वाचताना आपण मान हलवतो. माझं अर्धसत्य दीड हजारात भरून मिळालं होतं.

ऑफिसात रिलीज देताना माहीत असलेले दोष आम्ही लिहून देतो. लपवले तर ग्राहकाची फसवणूक होते, हे मला नोकरीत कळतं. मग स्वतःच्या दारात का कळू नये? आणि गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. गॅस गळत राहिला की तेल पोचत नाही आणि एक दिवस कॉम्प्रेसरच बसतो. तो खर्च कॉइलपेक्षा मोठा. तो त्या मुलाच्या माथी पडला असता, बहुधा सोलापूरच्या वाटेवर, ऐन मे महिन्यात.

रात्री त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दहा हजार कमी करा." केले. साडेआठच्या कामाचे दहा गेले, हेही मनाला लागलं, खोटं कशाला बोलू!

मला वाटतं, कसोटी सोपी आहे. मला जे माहीत आहे ते समोरच्याला कळलं, तरी माझं वाक्य त्याला खरं वाटेल का? वाटणार नसेल, तर शब्द कितीही बरोबर असोत, आतून गळती आहे.

आज एवढंच तपासूया : कुठे आपण नुसता गॅस भरतोय?

राम कृष्ण हरी.