जनावर सोडलं कुणी?

वेंगुर्ल्याहून मठ, होडावडे, तुळस या गावांकडे वळलं की समुद्र मागे पडतो आणि काजूच्या बागा, भाताचे मळे आणि त्यांना लगटून वाढलेलं रान सुरू होतं. इथल्या कितीतरी घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निवडणूक आटोपली की परत आणायची, हे अंगवळणी पडलेलं काम. मधल्या दिवसांत डुकरांनी वायंगणी भात लोळवलं तर शेतकरी हात चोळत बसतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गावोगावची पारध थांबली आणि ती थांबली हे चांगलंच झालं. पण त्या पारधीबरोबर एक ज्ञानही आमच्याकडून निसटत चाललं आहे, त्याची मला खंत वाटते.

जुना शिकारी आधी जमीन वाचायचा. भेकराचा खूर लहान, पुढे निमुळता. डुकराचा बोथट, आणि मऊ चिखलात त्याच्या मागे दोन्ही बाजूंना उपखुरांचे ठिपके उमटलेले. गव्याचा माग गुराच्या मागासारखाच, पण त्याहून थोराड. यातलं काहीच जुळलं नाही तर? अशा वेळी आमच्याकडचे वडीलधारे पोरांना बजावत, ‘‘जनावर वळखूक येना नाय, तवसर बार काढूचो नाय.’’ सगळ्या शिकारशास्त्रात याच्याइतकं मोलाचं वाक्य मला तरी आढळलेलं नाही. ओळख पटली नाही म्हणजे हे जनावर कुणाचं, कुठून आलं, माणसाला कितपत भिणारं, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नाही. आणि जे ठाऊक नाही त्यावर गोळी झाडायची नाही.

2002 मध्ये कर्नाटकातून दोडामार्ग तालुक्यात रानटी हत्ती उतरले, तेव्हा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांवर हीच वेळ आली. केळी, माड, भात तुडवणारं हे प्रचंड जनावर आपल्या रानात कधी हिंडेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे 2015 मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडण्यात आले. त्यांतले दोन बंदिवासात दगावले. तरीही हत्ती स्वतःच्या पायांनी आला. त्याचं रान आटलं, वाटा तुटल्या, म्हणून आला. त्याला परका म्हणणं मला पटत नाही. ज्याला कुणीतरी जहाजातून आणलं, हौसेपोटी पाळलं आणि मग सोडून दिलं किंवा निसटू दिलं, त्या जनावराचा प्रश्न निराळा आहे.

आणि तो प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडहून निघालेल्या शिंदे घराण्याने ग्वाल्हेरला राज्य केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले माधवराव शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणवले. मध्य भारतातला सिंह तोवर संपला होता, उरला होता तो फक्त गीरमध्ये. पुन्हा आपल्या रानात सिंह हवा, ही त्यामागची इच्छा होती. लॉर्ड कर्झननेही या कामात लक्ष घातलं होतं. कुनोच्या परिसरात डोबकुंडला उंच दगडी भिंतींचं आवार बांधून सिंह त्यात ठेवले आणि नंतर रानात सोडले. काही दिवसांतच ते गुरांवर पडू लागले, मग माणसांवर. पुन्हा पकडले, पुन्हा सोडले, पुन्हा तेच झालं. शेवटी एकेक करून ते गोळीला बळी पडले.

या हकिकतीत मला सतावतो तो गावकरी. आपल्या रानात सिंह नाही, हे त्याला बापजाद्यांपासून माहीत. वाघ कुठे पाणी पितो, बिबट्या कुठल्या झाडावर चढतो, याचा अंदाज बांधून तो गुरं चारत होता. एके दिवशी त्याच्यासमोर असं जनावर उभं राहिलं की ज्याच्या सवयींबद्दल त्याच्या आज्यानेही त्याला काही सांगितलेलं नव्हतं. सिंहाचाही दोष नाही. पाळणाऱ्याच्या हातून मांस खाल्लेल्या जनावराला माणसाचं भय कुठून असणार? दोघांनाही एकमेकांपुढे उभं करणारा तिसरा माणूस राजवाड्यात होता. गोळी ज्याने घातली त्याच्याकडे बोट दाखवणं सोपं असतं, कारण हातात बंदूक असते आणि पायाशी मुडदा. आणणारा मात्र तोवर लांब गेलेला असतो.

घाटापलीकडे आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शिकारी चित्ते पाळण्याची परंपरा होती. चित्तेवान चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला गाडीतून माळावर नेत आणि काळविटांचा कळप दिसला की पट्टी काढत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. 1947 मध्ये कोरिया संस्थानाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. देशातल्या शेवटच्या चित्त्यांत त्यांची गणना होते. 1952 मध्ये चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

आणि मग 17 सप्टेंबर 2022 रोजी त्याच कुनोत नामिबियाहून आठ चित्ते उतरले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. या प्रकल्पाबद्दल जाणकारांत मतभेद आहेत आणि ते असायलाच हवेत. मला इथे एकच गोष्ट मांडायची आहे. 2023 च्या वसंतात ‘पवन’ नावाचा नर कुनोची हद्द ओलांडून गावांच्या शिवारात शिरला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शेतातले लोक भ्यायले, गोळा झाले, ओरडले. पण त्याच्या गळ्यात पट्टा होता. वनखात्याचं पथक मागावर होतं, आणि त्याला बेशुद्ध करून परत आणण्यात आलं. पुढे ऑगस्ट 2024 मध्ये तो नाल्यात मृतावस्थेत आढळला, तेव्हाही उत्तर सरकारलाच द्यावं लागलं. शंभर वर्षांपूर्वीचे सिंह आणि हा चित्ता यांत मला फरक दिसतो तो हाच. या जनावराचा धनी कोण, हे ते हद्दीबाहेर गेल्यावरही ठरलेलं होतं.

उलट्या दिशेचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. विदर्भातला शेतकरी ज्याच्या नावाने कपाळाला हात लावतो तो रोही, म्हणजे नीलगाय, 1930 च्या सुमारास टेक्सासच्या किंग रँचवर सोडण्यात आला. आज दक्षिण टेक्सासात त्याचे हजारोंचे कळप मोकळे हिंडतात. चितळ आणि काळवीटही तिथे आहेत. ही सगळी तिथे परदेशी शिकार. त्यांना बंदीचा हंगाम नाही, जमीनमालकाला पैसे मोजून वर्षभर मारता येतात. कुंपणाच्या आत हा धंदा आहे, आणि त्यातून एक भलंही झालं: पाकिस्तानातून काळवीट संपल्यावर 1970 मध्ये टेक्सासहून दहा काळवीट तिथे पाठवता आले. कुंपणाबाहेरचा हिशेब मात्र वेगळा आहे. गुरांना ताप आणणारी गोचीड अमेरिकेने 1943 पर्यंत मोठ्या कष्टाने जवळपास हद्दपार केली होती. मेक्सिकोच्या सीमेवरची तीच गोचीड आता नीलगाई अंगावर वागवत मैलोन्‌मैल पोचवतात. गाईला पकडून औषधाच्या पाण्यात बुडवून काढता येतं; मोकाट नीलगाईला कोण पकडणार? मग सरकारी अभयारण्यांतही बंदुका चालवाव्या लागतात. नीलगाय आणणाऱ्यांची पिढी कधीच गेली, आणि खर्च गुरं पाळणाऱ्यांवर नि करदात्यांवर आला.

कोलंबियात तर हे टोकाला गेलं. अमली पदार्थांचा सम्राट पाब्लो एस्कोबार याने आपल्या खासगी प्राणिसंग्रहालयात चार पाणघोडे आणले होते. 1993 मध्ये तो मारला गेला, बाकीची जनावरं हलवली गेली, पाणघोडे तिथेच राहिले आणि वाढले. आज ते दीडशेच्या वर आहेत. 2009 मध्ये त्यांतला पेपे नावाचा नर सरकारी परवानगीने शिकाऱ्यांनी मारला. त्याच्या धुडाशेजारी उभ्या असलेल्या सैनिकांचं छायाचित्र छापून आलं आणि देशभर संताप उसळला. शिकार थांबवावी लागली. तो संताप मी समजू शकतो. त्या छायाचित्रात मेलेलं जनावर दिसत होतं, सैनिक दिसत होते. एस्कोबार कुठेच नव्हता.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिलला ऑक्टोबर 2011 मध्ये एकाने पाळलेली पन्नासच्या आसपास जनावरं मोकळी सोडली आणि स्वतःचा जीव घेतला. पोलिसांना 18 वाघ धरून बहुतेक सगळी मारावी लागली. अंदमानातही 1962 मध्ये एक लाकूड कंपनी बुडाली आणि तिचे कामाचे हत्ती इंटरव्ह्यू बेटावर बेवारस राहिले. त्यांची प्रजा तिथे रानटी झाली, झाडांच्या साली सोलत बेटाचं रान बदलत राहिली.

आपल्या कायद्याने हा प्रश्न उशिरा हाती घेतला. 1972 चा कायदा प्रामुख्याने इथल्या वन्यप्राण्यांचा. परदेशी पोपट, इग्वाना, माकडं घरोघर विकली जात होती आणि त्यांची नोंद कुठेच नव्हती. जून 2020 मध्ये केंद्राने अशी जनावरं बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत दिली. 2022 च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय यादीतले प्राणी स्वतंत्र परिशिष्टात आले, आणि 2024 च्या नियमांनी त्यांची नोंदणी बंधनकारक झाली. आक्रमक परक्या प्रजातींची आयात आणि पैदास रोखण्याचा अधिकारही सरकारला 2022 च्याच दुरुस्तीने मिळाला. हे सगळं स्वागतार्ह आहे. पण नोंद ही घरातल्या जनावराची असते. ते निसटून काजूच्या बागेत शिरलं, कुणाच्या फासकीत अडकलं, तर त्या नोंदीचा धागा धरून मालकापर्यंत पोचायला हवं. पकडण्याचा, उपचाराचा, नुकसानभरपाईचा खर्च त्याच्याकडून वसूल व्हायला हवा. तो खर्च आधीच अनामत म्हणून भरून घेतला तर हौस बाळगणारा दहादा विचार करील.

इथल्या शेतकऱ्याच्या बाजूनेही एक काम होण्यासारखं आहे. बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण होतं, निवडणुकीनंतर बंदुका परत दिल्या जातात, तेव्हा गावोगावचे बंदूकधारी आपणहून एकत्र येतात. त्या वेळी सावंतवाडी वनविभागाच्या माणसाने तासभर त्यांच्याशी बोलावं. अनोळखी जनावर दिसलं तर काय करायचं, 1926 या वनखात्याच्या क्रमांकावर काय सांगायचं, मागाचा फोटो कसा काढायचा, हे दाखवावं. मागाशेजारी हाताची वीत ठेवून फोटो काढला तरी आकार कळतो. बंदुकीवाल्यांना गुन्हेगार समजून वागवण्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांचा उपयोग करून घेणं शहाणपणाचं, कारण निसटून रानात आलेलं जनावर पहिल्यांदा बघणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो. आणि वनखात्याचं पथक येईपर्यंत त्याला तिथे ताटकळत उभं राहावं लागणार असेल, तर त्या रात्रीच्या पिकाची भरपाई त्याला विनातक्रार मिळाली पाहिजे.