पाठीराखा

श्रीस्वामी समर्थ अक्कलकोटी समाधिस्थ झाले ते १८७८ मध्ये. पण ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ हे त्यांचे अभयवचन सोलापूरहून अक्कलकोटला धावणाऱ्या कितीतरी जीपा, रिक्षा आणि टेम्पोंच्या मागच्या अंगावर आजही रंगवलेले दिसते, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या फाटकांवर जे वॉचमन उभे असतात, त्यांच्या डोळ्यांसमोरून ते दिवसभर जात राहते. या वॉचमनांत फौजेतून निवृत्त झालेलेही असतात. दुसऱ्यांच्या पाठीशी उभे राहण्यात ज्यांचे तारुण्य गेले, त्यांच्यासमोरून हे वचन रोज जावे, हा योग मला नेहमी विचारात पाडतो. ‘पाठीराखा’ हा शब्द आपण देवघरात उच्चारतो, सैनिकाच्या अंत्ययात्रेत उच्चारतो, घरचा कर्ता माणूस गेला की शोकसभेत तर हमखास उच्चारतो; आणि इतका उच्चारतो की त्यात काय साठले आहे हे पाहायला थांबत नाही. आज थोडे थांबू या.

पाठीराखा म्हणजे मागे उभा असलेला, अशी आपली सर्वसाधारण समजूत. पण पहाऱ्यावरचा माणूस कसा उभा असतो ते एकदा निरखून पाहावे. त्याचे तोंड रस्त्याकडे असते, जिकडून काही विपरीत येण्याचा संभव आहे तिकडे. आणि जे राखायचे ते सारे त्याच्या मागे असते. म्हणजे ज्यांचे रक्षण होते त्यांना रक्षणकर्त्याचे मुख दिसत नाही, दिसते ती पाठ. गोष्ट साधी आहे, पण साधनेच्या वाटेवर चालणाऱ्याने ती मनाशी धरावी. कारण ‘देवाने माझ्याकडे पाठ फिरवली’ अशी तक्रार आपण कितीदा केली असेल, आणि त्या घडीला तो कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, हे विचारण्याचे मात्र आपल्याला सुचले नसेल. ज्ञानेश्वरमाऊलींनी पहिल्याच अध्यायात रथावरच्या श्रीकृष्णाचे हेच कौतुक केले आहे, की या प्रभूने आपल्या पायिकाला पाठीशी घातले आणि स्वतः पुढे राहिला. सारथ्याची जागा पुढे असते, आणि समोरून येणारा पहिला बाण ती जागा शोधत येतो. (आजकाल ‘पाठीशी घालणे’ हे गुन्हेगाराला वाचवण्याच्या अर्थाने अधिक ऐकू येते, माऊलींच्या शब्दांवर ही वेळ यावी, याचे वाईट वाटते.)

या शब्दाची सगळी अंगे एकाच माणसाच्या चरित्रात पाहायची असतील, तर मेजर राम राघोबा राणे यांचे चरित्र पाहावे. जन्म २६ जून १९१८, मूळ गाव कारवारजवळचे चेंडिया, वडील पोलिस शिपाई. सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला त्या १९३० च्या धामधुमीत बारा वर्षांचा हा मुलगा चळवळीकडे ओढला जाऊ लागला, तेव्हा वडिलांनी काळजीने बिऱ्हाड गावी हलवले. पाठराखणीची ती एक तऱ्हा, बापाची. १९४० मध्ये राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले आणि ब्रह्मदेशात गेले. तेथे बुथिदाँगहून सैन्य माघार घेत असताना महत्त्वाच्या गोष्टी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्या उद्ध्वस्त करण्यासाठी जे थोडे मागे ठेवले गेले, त्यांत ते होते. काम झाल्यावर त्यांना नेण्याची जी योजना होती ती फसली, आणि जपान्यांचा पहारा असलेली नदी आपली आपण ओलांडून ते आपल्या लोकांना मिळाले. येथे पाठीराखा खरोखरच मागे आहे.

पण पुढे, काश्मीरच्या युद्धात, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेराहून राजौरीला जाणाऱ्या रस्त्यावर हीच जागा उलटते. राजौरीत अडकलेल्या लोकांपर्यंत पोहोचायचे होते, आणि वाट सुरुंगांनी व आडव्या पाडलेल्या झाडांनी अडवलेली होती. ८ एप्रिलला काम सुरू होते न होते तोच तोफगोळ्यांच्या माऱ्यात राण्यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी झाले, आणि त्या पाचांत ते स्वतः होते. तरीही ११ तारखेपर्यंत हा माणूस त्या रस्त्यावरून हलला नाही. एके ठिकाणी तर ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. वर लोखंड, खाली सुरुंग पेरलेली माती, हातात दोरी, आणि त्या दोरीच्या हिसक्याने वरच्या चालकाला ते सांगत होते की आता थांब, आता सरक. मागून सारी फौज येत होती, म्हणून पाठीराख्याला सर्वांच्या पुढे आणि सर्वांच्या खाली जाणे भाग होते. जागा मागची की पुढची, हा प्रश्न तेथे गळून पडतो. संकट आणि आपली माणसे यांच्या मधली जी जागा, ती पाठीराख्याची. मग ती कुठेही असो.

राणे हे हयातीत परमवीरचक्र मिळालेल्या पहिल्या वीरांपैकी. पुढे एका जहाजाला त्यांचे नाव दिले गेले, २०२३ मध्ये अंदमानच्या एका बेटालाही. त्यांचे निधन झाले ते पुण्यात, १९९४ मध्ये. मला त्यांची ही कथा प्रथम सांगितली ती मात्र कोणा इतिहासकाराने नव्हे, तर या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर रातपाळी करणाऱ्या, आता दिवंगत झालेल्या, बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे राण्यांच्याच दलाच्या, एका निवृत्त हवालदारांनी. आपल्याकडे फौजेतून आलेल्या कोणालाही लोक ‘मेजर’ म्हणतात, तसे त्यांनाही म्हणत. त्यांनीही पहिली एक-दोन वर्षे दुरुस्ती करून पाहिली आणि मग सोडून दिली.

त्यांच्या शौर्याच्या कथा मला ठाऊक नाहीत, त्यांनी सांगितल्या नाहीत. एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा सांगत. सुटी संपवून निघताना ते धाकटीला न उठवता पहाटेच्या गाडीने जात, आणि एकदा ती जागी होऊन उंबऱ्यापर्यंत आली, तर त्यांनी मागे वळून पाहिले नाही. वळलो असतो तर गाडी चुकली असती, असे म्हणत. सतरा वर्षे मुलांना बापाची पाठच दिसली. म्हणून निवृत्तीनंतर या गृहस्थांनी जे केले, ते मला त्यांच्या साऱ्या नोकरीहून कठीण वाटते, ते म्हणजे घराकडे तोंड करायला शिकणे. रातपाळी त्यांनी मागून घेतली होती, ती याचसाठी. पहाटे सुटले की घरी येऊन मुलीची वेणी घालायचे, आणि ती दोर वळल्यासारखी इतकी घट्ट घालायचे की पोरगी शाळेत डोके धरून बसायची. मुलाच्या गणिताच्या वहीवर शेरे मारायचे ते हुकमाच्या भाषेत. ‘अण्णा, ही काय बराक आहे का?’ असे मुलगा एकदा चिडून म्हणाला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवसापासून शेरे मारणे बंद केले आणि वही नुसती उघडून शेजारी बसू लागले. प्रेम होतेच, ते दाखवायची कवायत मात्र नव्याने शिकावी लागली.

आणि येथे शब्दाचा आणखी एक पापुद्रा सुटतो. सीमेवर उभ्या असलेल्याची पाठ कोण राखत होते? आमच्या या मेजरांची पत्नी विड्या वळायची. सोलापुरात हे हजारो घरांचे जिणे आहे. याच अक्कलकोट रस्त्यावर पुढे कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, यावरून त्या कष्टांचा पसारा कळावा. तेंदूपत्ता पाण्यात भिजवून, पत्र्याच्या मापाने कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून दिवसाचा हिशेब कारखान्यात चुकता करणाऱ्या त्या बाईने सासूचे आजारपण, दिराचे लग्न, घराची गळती हे सारे पत्रात न लिहिता निभावले, कारण तिकडच्या माणसाने मागे वळून पाहू नये अशी तिचीही इच्छा होती. आपल्याकडच्या जॅकार्ड चादरीला उलटी बाजू नसते. पुढे जे फूल लाल जमिनीवर पांढरे, तेच पाठीला पांढऱ्या जमिनीवर लाल. त्या दोघांची पाठराखण अशी एकाच विणीची होती, आणि पदक मात्र एकाच बाजूला लागले. याचा मेजरांना सल होता, आणि तो त्यांनी आपल्या पद्धतीने काढला.

झाले असे, की फौजेच्या दप्तरात पत्नीचे माहेरचे नाव चढलेले, आणि आधार कार्डावर सासरचे. सैनिक हयात असेपर्यंत ही तफावत कोणाला खुपत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन नेमके येथेच अडते, आणि दुःखात बुडालेल्या बाईला ‘मी तीच’ हे सिद्ध करत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. मेजरांनी हे दुसऱ्यांच्या घरी पाहिले होते. त्यांनी प्रतिज्ञापत्र केले, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद पुढे पाठवले, आपल्या दलाच्या खडकीतल्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार केला, आणि पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशपत्रावर, दुरुस्त नाव उमटेपर्यंत पिच्छा सोडला नाही. निवृत्तिवेतनाचे सारे ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेत गेले, तेव्हा मुलाला शेजारी बसवून तेही शिकून घेतले, आणि मग पत्नीला शिकवले. एक खाकी फाईल केली. पहिल्या पानावर आपल्या मृत्यूनंतर कोणता कागद कोणत्या कचेरीत, कोणत्या क्रमाने द्यायचा, हे स्वच्छ अक्षरात लिहिले. स्वतःच्या मरणाकडे तोंड करून, घराला पाठीशी घेऊन उभे राहण्याचा याहून शांत प्रकार माझ्या पाहण्यात नाही. अभयवचन वाचणारे आपण पुष्कळ. ते दुसऱ्याला देता यावे म्हणून कागदपत्रांशी इतकी झटापट करणारे थोडे, आणि अशा झटापटीलाही उपासना म्हणावे असे मला वाटते.

ते गेले, आणि निवृत्तिवेतन विनाखळखळ सुरू झाले. वस्तीतल्या फौजींच्या बायका आता आपापल्या नवऱ्यांची फौजेतल्या नोंदींची पुस्तके घेऊन मेजरीणबाईंकडे येतात; त्या चष्मा लावून प्रथम एवढेच पाहतात, की हिचे नाव बरोबर लागले आहे का, आणि नसेल तर तिच्या नवऱ्याला बोलावून, मेजरांच्याच करड्या आवाजात, उद्याच्या उद्या त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाकायला लावतात.