मर्जीचा सौदा

भाऊबीज झाली की पिंपळनेरच्या पश्चिमेकडील पाड्यांवरची घरे बंद होऊ लागतात. भांड्यांचे बोचके, धान्याचे पोते, कडेवरचे मूल आणि कोयता एवढा संसार गाडीत चढतो, चरणमाळचा घाट उतरतो आणि नवापूरमार्गे दक्षिण गुजरातेतल्या उसाच्या फडांकडे निघून जातो. उन्हाळा तापला की तो परततो. आपल्या करंजीच्या सारणातली साखर या वाटेने येते. सणावारी हा विषय काढावा की नाही, असे क्षणभर वाटले. परंतु पाडव्याला आपण नव्या वहीची पूजा करतो, तेव्हा एका वहीविषयी बोलणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

ही वही मुकादमाची. ती पाडव्याला उघडत नाही, आषाढात उघडते. त्या दिवसांत कणगीतले धान्य सरलेले असते आणि उतारावरची नागली अजून हिरवी असते. अशा वेळी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो; माणसांची गणती हत्यारावर होते. फडात गेल्यावर पोटापुरती खावटी मिळते, तीही नावे मांडली जाते, आणि खरा हिशेब होतो हंगाम संपल्यावर. म्हणजे मार्गशीर्षातले श्रम आषाढातच विकून खाल्लेले असतात.

माझे एक बागाईतदार स्नेही यावर नेहमी विचारतात, "पण त्यांच्यावर बळजबरी कोणी केली? राजीखुशीने अंगठा दिला ना?" प्रश्न टाकाऊ नाही. मुकादम हा काही राक्षस नसतो. मध्यरात्री पोर तापाने फणफणले असता जो पैसे काढून देतो तो तोच असतो, पेढीचा व्यवस्थापक नसतो. शिवाय, माणसाने दिलेला शब्द खरा मानू नये, तर त्याला आपण अजाण बालकच ठरविले की!

तथापि राजीखुशी या शब्दातली खुशी कोणाची, हे पाहावयास हवे. ॲडम स्मिथ हा काही मजुरांचा पुढारी नव्हता. १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने सरळ लिहून ठेवले, की तंटा झाला तर मालक वर्षभर तग धरतो, मजुरांपैकी पुष्कळांना एक आठवडाही काढता येत नाही. १९४७ साली डॉ. आंबेडकरांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हाच धागा पुढे नेला: ज्याच्या हाताला काम नाही, त्याला मूलभूत हक्कांचे मोल काय ते विचारा, कामासाठी तो ते सोडून देईल. आणि दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांचा खटला १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायमूर्ती भगवतींनी सांगितले की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबणे ही वेठच होय. चाबूक नसला तरी भूक ही बळजबरीच आहे. माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या निकालात आहे, असे मला वाटते.

आता नव्या कामगार संहितांकडे वळू. २९ कायदे गुंडाळून चार संहिता झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. त्यांत चांगले आहे ते मोकळेपणाने मान्य करावे. मजुरी एका महिन्याहून अधिक काळ तुंबवू नये, हा नियम कारखान्यांतल्या कामगारांना १९३६ पासून होता. तो आता सर्वांना लागू झाला. दुसऱ्या राज्यात आपण होऊन कामाला गेलेला मजूरही आता स्थलांतरित मजुराच्या व्याख्येत बसतो. दुसरीकडे, कामगार कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन शंभरांऐवजी तीनशे कामगारांपासून सुरू होते. काढणे सोपे झाले म्हणजे मालक निर्धास्तपणे कामावर घेईल, असा त्यामागचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद ऊसतोड्याला लावून पाहावा. त्याला काढून टाकण्यास परवानगी कधीच लागली नाही. मग सर्वांत सुखी कामगार तोच असावयास हवा होता! यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बारडोली परिसरात पाहिले ते निराळेच. गावातले भूमिहीन हाताशी असताना त्यांना वगळून खानदेशातून माणसे आणली जात. कारण परमुलुखातला, उचलीने बांधलेला मजूर कुरकुर करीत नाही.

कायदा मजुरीच्या दिवशी येतो. सौदा त्यापूर्वी चार महिने झालेला असतो. म्हणून मला १९६९ चा माथाडी कायदा अधिक शहाणा वाटतो. हमालाचे नाव मंडळाकडे नोंदलेले; मालक बदलला तरी नाव पुसले जात नाही, मजुरी मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधीही तिथेच. वि. स. पागे यांच्या खटपटीतून आलेल्या रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्यामागेही हेच मर्म होते: गावात काम असले की 'नाही' म्हणता येते. दुर्दैव असे, की पाऊस लागला की मातीकाम थंडावते, आणि उचलीचा मोसम नेमका तोच.

गेल्या खेपेला पिंपळनेरच्या स्टँडवर एक बाई बोचक्यावर बसल्या होत्या. मी विचारले, "ताई, यंदा नाही गेलात तर?" त्यांनी पोराच्या कानाला फडके गुंडाळले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "मंग उचल कोन फेडी?" तेवढ्यात गाडी आली.