बांधावरच्या होळ्या

इटलीच्या वायव्येला, पिएमोन्तेच्या लांगे टेकड्यांत सांतो स्तेफानो बेल्बो हे गाव आहे. उतारांवर मोस्कातो द्राक्षांचे मळे, खाली बेल्बो नदी. शेजारच्या कानेल्लीत जमिनीखाली वाइनची तळघरं खोदलेली आहेत, इतकी भव्य की त्यांना कॅथीड्रलच म्हणतात. २०१४ साली युनेस्कोनं हा द्राक्षप्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

लेखक चेझारे पावेझे १९०८ साली इथंच जन्मला. घर तुरीनला, पण लहानपणीचे उन्हाळे गावी. त्या आठवणींतूनच १९५० साली 'ला लूना ए इ फालो' म्हणजे 'चंद्र आणि होळ्या' ही त्याची कादंबरी आली. तिचा नायक आंगुइल्ला आईबापांनी टाकून दिलेला. दरमहा मिळणाऱ्या चार पैशांसाठी एका गरीब घरानं त्याला वाढवलं. अमेरिकेत पैसा कमावून तो चाळिशीत परततो, तेव्हा त्याला संत योहानाच्या सणाला टेकड्यांवर पेटणाऱ्या होळ्या आठवतात.

त्याचा बालमित्र नुतो सुतार आहे, विचारांनी डावा, पाद्र्यांवर टीका करणारा. तरीही बांधावर होळी पेटवली की जमीन जागी होते, पीक जोमदार येतं, असं तो ठामपणे सांगतो. चंद्राचंही तेच. पौर्णिमेला तोडलेल्या पाइनला कीड लागते, कलम शुक्ल पक्षाच्या सुरुवातीलाच बांधावं. आंगुइल्ला हसतो. नुतोचं उत्तर असं की, ज्यानं नुकसान होतं तीच अंधश्रद्धा. चंद्राच्या नावानं कुणी शेतकऱ्याला लुबाडलं, तर अडाणी तोच.

श्रद्धेची ही कसोटी सोपी आणि माणुसकीची आहे. पण ती पुरी पडते का?

पावेझे ती तपासून पाहतो. आंगुइल्लाच्या जुन्या घरात आता वालिनो अर्धेलीनं शेती करतो. एके दिवशी मालकीण घेवड्या-बटाट्यांपर्यंत वाटणी करून नेते, आणि संतापलेला वालिनो घरातल्या बायकांना मारून घर पेटवतो, स्वतः गळफास घेतो. त्याला ना चंद्रानं लुबाडलं ना होळीनं. लुबाडलं ते वाटणीच्या हिशेबानं. शेवटची आग तर आणखी अवघड. हेरगिरीच्या आरोपावरून सान्तिना या तरुणीला गोळ्या घालून, मळ्यातल्या छाटलेल्या काड्या रचून तिचं प्रेत जाळलं जातं. जाळणारे फॅसिस्टांविरुद्ध लढणारे, म्हणजे नुतोच्याच बाजूचे.

नुतोची कसोटी खरी, पण ती फक्त श्रद्धेला लावणं हा पक्षपात ठरतो. मालकीहक्क, न्याय, क्रांती यांनाही तोच प्रश्न विचारायला हवा: नुकसान कुणाचं होतं?

पावेझेचं जन्मघर आज संग्रहालय आहे. वाइनसाठी तिकडं जाणाऱ्यांनी ही कादंबरी आधी वाचावी आणि मळे कुणाच्या कष्टावर उभे राहिले, तेही विचारावं.