सनद गेली, फी राहिली

पानिपतचा कापड-ब्लँकेटांचा धंदा बराचसा उधारीवर चालतो. जगाने टाकून दिलेले लोकरी कपडे इथे येतात, पिंजले जातात, त्यांचं सूत होतं, सुताची ब्लँकेटं होतात. माल गेल्यावर हातात पडतो तो पुढच्या तारखेचा चेक. तो वटला नाही की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १३८. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, मग महिन्याभरात फिर्याद. या तारखा व्यापाऱ्याला पाठ नसतात, त्या वकिलाच्या डायरीत असतात. वकीलपत्रावर सही केली की व्यापारी निर्धास्त होतो आणि आपल्या गोदामाकडे वळतो.

न वटलेल्या अशाच एका चेकचं प्रकरण दिल्लीच्या तीस हजारी कोर्टात गेलं होतं. आरोपीने चेकचे २०,००० आणि खर्चाचे ५,००० रुपये द्यायचं कबूल केलं. डिमांड ड्राफ्ट आणि चेक वकिलाच्या हाती आले. ते अशिलाला देण्याऐवजी त्याने ५,००० रुपये रोख मागितले आणि फी थकली म्हणून उलट दावाही लावला. डी. के. गांधी नावाचे ते अशील ग्राहक मंचात गेले. वकीलही ग्राहक कायद्याखाली येतो, असं २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने ठरवलं. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांनी ते फिरवलं: वकिली हा धंदा नव्हे, आणि वकील अशिलाच्या सांगण्यानुसार काम करतो. मला हा तर्क पटतो. पण मग अशिलाने जायचं कुठे?

मालकाचा पैसा हाताळणाऱ्याच्या हिशेबाचं दुखणं या मुलखात जुनंच. दिल्लीतले पेशव्यांचे वकील हिंगणे बंधू आणि तिथेच फौज घेऊन बसलेला अंताजी माणकेश्वर एकमेकांवर पैसे खाल्ल्याचे आरोप करत पुण्याला पत्रं धाडत राहिले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंना मात्र खर्चासाठी लाल किल्ल्यातल्या छताची चांदी काढावी लागली. पुढे अंताजी पानिपतच्या रणातून वाचला, पण पळताना फर्रुखनगरकडे मारला गेला. तरी पेशव्याच्या हाती एक गोष्ट होती: चाकराचा सरंजाम जप्त करता यायचा.

आजच्या अशिलाला तेवढंही करता येत नाही. पानिपतच्या वकिलाविरुद्ध तक्रार जाते चंदीगडच्या बार कौन्सिलकडे. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली तिथे चारच गोष्टी होऊ शकतात: तक्रार फेटाळणं, ताकीद, काही काळ निलंबन, किंवा पटावरून नाव कमी करणं. घेतलेली फी परत करायला लावणं त्यात नाही. अगदी सनद गेली तरी अशिलाच्या खिशात एक रुपया येत नाही.

खरं तर उपाय १८७२ पासून कायद्याच्या पुस्तकात पडून आहे. करार कायद्याचं कलम २२० सांगतं, की कामात गैरवर्तन करणाऱ्या मुखत्याराला गैरवर्तन झालेल्या भागाचा मेहनताना मिळणार नाही. कलमाखालचं उदाहरणही झकास आहे. मुखत्याराने लाख रुपये वसूल केले, ९०,००० नीट गुंतवले, १०,००० बुडीत तारणावर लावले. वसुलीची आणि ९०,००० ची फी त्याला मिळेल, १०,००० ची नाही, आणि झालेलं नुकसानही तोच भरेल. वकील हा अशिलाचा मुखत्यार आणि विश्वस्त, हे तर सर्वोच्च न्यायालय स्वतःच सांगत आलं आहे.

टेक्सासचं सर्वोच्च न्यायालय १९९९ मध्ये याच्या एक पाऊल पुढे गेलं. पॅसाडेनाच्या फिलिप्स कारखान्यात १९८९ मध्ये स्फोट होऊन २३ जण दगावले होते. १२६ दावेदारांची तडजोड झाली सुमारे १९ कोटी डॉलरना, त्यातले ६ कोटींहून जास्त वकिलांनी फी म्हणून घेतले. ४९ अशील वकिलांविरुद्ध कोर्टात गेले. न्यायालय म्हणालं, विश्वासघात गंभीर असेल तर अशिलाला नुकसान सिद्ध करायची गरज नाही. फी सगळी जप्त करायची की थोडी, हे गांभीर्य पाहून ठरवावं. आपल्याकडे निकालातला टक्का घेणंच मुळात निषिद्ध आहे. २०१७ मध्ये बी. सुनीता खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आदर्श गोयल आणि न्या. उदय लळित यांनी तेच बजावलं. अपघातात नवरा गमावलेल्या बाईकडून वकिलाने १० लाख घेतले, वर आणखी १० लाखांचा चेक घेतला आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच १३८ लावलं होतं.

यावर वकील मंडळींची एक शंका रास्त आहे: हरलेला प्रत्येक जण फी बुडवायला निघेल. पण खटला हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. मुदत चुकवून ते लपवणं, अशिलाचे पैसे दाबून ठेवणं, दोन्ही बाजूंकडून घेणं हे गैरवर्तन. म्हणून मला सरसकट जप्तीपेक्षा कलम २२० ची भागाभागाची कात्री जास्त न्यायाची वाटते. अडचण आहे ती पुराव्याची. जप्त करायची तर फी आधी सिद्ध व्हायला हवी, आणि आपल्याकडे ती बहुधा रोखीत, कोर्टाच्या आवारातल्या टेबलावर, पावतीविना दिली जाते. बार कौन्सिलला काही करायचंच असेल तर तिने आधी छापील पावती सक्तीची करावी.