मुलांचे प्रश्न आणि अवयवदानाचा विवेक

कल्पना करा की घरात वृद्ध आजोबांचे देहावसान झाले आहे. अंत्यसंस्काराची तयारी चालू असता पंधरा वर्षांचा नातू हळूच विचारतो, "बाबा, आजोबांचे डोळे कुणा अंधाला देता येतील ना?" त्यावर घरातील एक वडीलधारे उत्तरतात, "गप्प राहा. डोळे दिले तर पुढच्या जन्मी अंधत्व येते." मुलगा गप्प बसतो, परंतु त्याची शंका मिटलेली नसते, केवळ तिचे तोंड बंद झालेले असते.

हे भय गीतेला धरून आहे काय? दुसऱ्या अध्यायाच्या बाविसाव्या श्लोकात भगवंतांनी देहाला जीर्ण वस्त्राची उपमा दिली आहे. टाकलेल्या वस्त्राचा एक तुकडा दुसऱ्याच्या उपयोगी पडला, म्हणून टाकणाऱ्याचे नवे वस्त्र फाटके कसे निघेल? पुढील जन्म कर्मानुसार मिळतो, आणि दान हे तर सत्कर्म होय. वृत्रवधासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींना आपण आजही वंदन करतो. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. त्यानंतर सर्व अंत्यविधी यथासांग करता येतात.

मुलगा याहून खोल प्रश्नही विचारील : "हृदय चालू असता मनुष्य मृत कसा? त्याचे अवयव काढणे ही हिंसा नव्हे काय?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही; तो अहिंसेच्या जाणिवेतून आला आहे. त्याला सांगावे, की यंत्राच्या साहाय्याने श्वास चालतो म्हणून ठोके काही काळ टिकतात; परंतु मेंदूच्या देठाचे कार्य कायमचे थांबलेले असते. १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तसा निर्णय देते, आणि आप्तांच्या संमतीवाचून अवयव घेता येत नाहीत. ही सावधगिरी म्हणजे अहिंसेचेच पालन होय.

मात्र प्रत्येक देणे हे दान नव्हे, हेही शिकवावे. सतराव्या अध्यायात, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देश, काल व पात्र पाहून, कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. गरिबाला पैसे देऊन त्याचे मूत्रपिंड घेणे हा व्यापार आहे, आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे. आप्तांवर दडपण आणून मिळविलेली संमतीही सात्त्विक नव्हे.

मुलाच्या वर्गात अन्य धर्मांचे सोबती असतात. कोणाच्या घरी प्राण वाचविणे हे महत्पुण्य मानून संमती दिली जाते. कोणाच्या घरी पार्थिव अखंड राहावे अशी श्रद्धा असते. दोहोंच्या मुळाशी मृताविषयीचा आदरच आहे. म्हणून दुःखाच्या घडीला नकार देणाऱ्या कुटुंबाची निंदा करू नये, हा धडाही तितकाच मोलाचा.

अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, सर्व ज्ञान सांगून झाल्यावर, भगवंत अर्जुनाला म्हणतात, की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर. साक्षात् जगद्गुरूंनी शिष्याच्या विवेकावर निर्णय सोपविला. मग आपण आपल्या मुलांच्या प्रश्नांना का भ्यावे? मृत्यू दाराशी येण्यापूर्वीच, एखाद्या निवांत सायंकाळी, देवघरापुढे बसून हा विषय त्यांच्याशी बोलावा. भयाने गप्प केलेल्या मुलापेक्षा विचाराने शांत झालेला मुलगाच धर्म पुढे नेईल.

श्रीकृष्णार्पणमस्तु.